गाडी बदलावयाचें स्टेशन

आमच्या चिखलीस रेल्वे नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोक बोलतां बोलतां आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करितात. एक घाटावरचा, दुसरा घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं गांवें घाटाखालीं, पूर्णेच्या सपाट खोऱ्यांत वसलेलीं. मुंबईहून नागपुरास जाणारा लोहमार्ग त्यांच्या अंगणांतून जातो. चिखली, मेहकर, देऊळगांव राजा आणि खुद्द बुलढाणा हीं घाटावर. लोहमार्गास सपाटी आवडते. तो खोरें धरून गेला आणि आम्ही वरच राहिलों. त्यामुळें घाटावरच्या माणसाचा आगगाडीचा प्रवास नेहमीं मोटारीनें सुरू होतो आणि गाडींत पहिलें पाऊल पडतें तें परक्या गांवच्या फलाटावरून. ज्याच्या दारांत गाडी येते त्यास गाडी ठाऊक असते. ज्याच्या दारांत ती येत नाहीं त्यास जंक्शनें ठाऊक असतात. म्हणून जंक्शनांविषयीं चार शब्द आम्हीं चिखलीस बसून लिहावयास घेतले, याचें वाचकांनीं आश्चर्य मानूं नये.

आमचें आयुष्य मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेलें. जंक्शन या शब्दाचा अर्थ मुलांनीं विचारला म्हणजे आम्ही त्यांस फळ्याकडे बोट दाखवून सांगत असूं कीं, जंक्शन म्हणजे संधि. आणि संधि हा एकच प्रकारचा नसतो. कधीं दोन स्वर मिळून तिसराच स्वर उत्पन्न होतो, जसें महा आणि ईश मिळून महेश. कधीं एक वर्ण दुसऱ्यांत लोपून जातो व मागें अवग्रहाची खूण तेवढी उरते. आणि कधीं दोन स्वर शेजारीं शेजारीं उभे असूनहि त्यांचा संधि होत नाहीं. त्यास प्रकृतिभाव म्हणतात. मुलें हंसत, परंतु पुढें ज्या ज्या जंक्शनावर आम्ही उतरलों, तें तें या तीनांपैकीं कोणत्या तरी प्रकारांत बसलें, असा आमचा अनुभव आहे.

हा अनुभव आम्हांस प्रथम आला तो १९७१ सालीं. आम्ही तेव्हां अकरा वर्षांचे होतों. आमच्या आजीस कार्तिकी एकादशीला पंढरपुरास जावयाचें होतें. थोरले काका तिला घेऊन निघाले आणि दिवाळीची सुटी असल्यामुळें आम्हांसहि बरोबर घेतलें. सामान म्हणजे एक वळकटी, एक ट्रंक, दशम्यांचा डबा आणि आजीचा फिरकीचा तांब्या. आजीचें सोवळें कडक. वाटेंतलें पाणी ती पीत नसे. म्हणून तो तांब्या आम्ही मांडीवर धरून बसलों होतों.

चिखलीहून एस्. टी.च्या मोटारीनें देऊळगांव राजावरून जालना. जालन्यास मीटरमापी गाडी. ती मनमाडास सोडली आणि रुंदमापी गाडींत चढलों. दौंडास पुन्हा उतरलों व सोलापूरच्या बाजूची गाडी धरिली. कुर्डुवाडीस तीहि सोडली आणि अडीच फूट रुळांवरच्या लहानशा गाडींत बसून पंढरपूर गांठलें. एका पंढरीच्या वारींत तीन मापांचे रूळ झाले: जालन्याचा मीटरचा, मनमाडचा साडेपांच फुटांचा आणि कुर्डुवाडीचा अडीच फुटांचा. कुर्डुवाडीच्या त्या ठेंगण्या डब्यांत वांकून शिरतांना आजी म्हणाली, “देवाच्या दारीं जातांना वाट लहानच होते रे बाळ.” आम्हांस तें वाक्य पुढें कित्येक वर्षे पटत आलें. रूळ निरनिराळ्या मापांचे कां, हें मात्र मोठे झाल्यावर वाचनांतून कळलें.

मनमाडचें दृश्य आजहि डोळ्यांपुढें आहे. एका बाजूस मीटरमापी मालगाडी, दुसऱ्या बाजूस रुंदमापी. आणि मध्यें हमालांची रांग. पोतें एका डब्यांतून निघे, पाठीवर बसे आणि दुसऱ्या डब्यांत जाऊन पडे. एकच भार दोनदां उचलला जात होता. आम्हीं काकांस विचारलें, “हीं गाडी सरळ पुढें कां जात नाहीं?” काका म्हणाले, “सरळ गेली तर एवढीं माणसें खातील काय?” त्या उत्तरांत अर्धें अर्थशास्त्र होतें, हें आम्हांस वीस वर्षांनीं समजलें.

आतां या स्टेशनांचा थोडा पूर्ववृत्तांत सांगणें अवश्य आहे. मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस धांवली. पुढें हा मार्ग थळ घाट चढून खानदेशांत उतरला आणि भुसावळास त्यास दोन फांटे फुटले. एक वऱ्हाडांतून १८६७ सालीं नागपुरास पोंचला. दुसरा खंडव्यावरून जबलपुराकडे गेला आणि १८७० च्या मार्च महिन्यांत तेथें ईस्ट इंडियन रेल्वेशीं जुळून मुंबई व कलकत्ता हीं दोन बंदरें रुळांनीं जोडलीं गेलीं. भुसावळ हें तोंवर एक साधें गांव होतें. दोन मार्ग मिळाले आणि तिसरेंच कांहीं जन्मास आलें. एंजिनांच्या शाळा, कारखाने, चाळी, बाजार व शाळा यांनीं भरलेलें एक शहर. आज तें मध्य रेल्वेच्या एका विभागाचें मुख्य ठाणें आहे. महा आणि ईश मिळून महेश होतो तो असा.

मनमाडची कथा निराळी. १८७८ सालीं दौंड-मनमाड मार्ग तयार झाला, तेव्हां उत्तरेकडून पुण्या-सोलापुराकडे जावयास मुंबईच्या बाजूचा वळसा घेण्याचें कारण उरलें नाहीं. पुढें १८९९ ते १९०१ या काळांत निजामाच्या राज्यांतून हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा मीटरमापी मार्ग मनमाडास येऊन भिडला. औरंगाबाद, जालना, परभणी हीं गांवें त्यावरचींच. येथें रूळ भेटले, पण माप जुळलें नाहीं. आणि त्या न जुळण्यावरच मनमाड मोठें झालें. उतारूंनीं उतरलें पाहिजे, पोत्यांनीं उतरलें पाहिजे. जो उतरेल तो चहा घेईल, हमाल करील, धर्मशाळेंत निजेल.

ही स्थिति सुमारें नव्वद वर्षें टिकली. १९९२ सालीं मनमाडहून औरंगाबादपर्यंत, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरपर्यंत, रूळ रुंद झाले आणि त्याच दशकांत तें काम जालना-परभणीच्या पुढें गेलें. मुंबईची गाडी मनमाडास थोडी थांबून सरळ मराठवाड्यांत शिरूं लागली. उतारूस मोठें सुख झालें. आम्ही स्वतः त्यानंतर पुण्यास जातांना पाठीवरचें ओझें अनेकदां वांचविलें आहे. परंतु मनमाडच्या त्या दोन मालगाड्यांमधील माणसांची रांग लोपली. गाड्या वाढल्या, उतरणारे कमी झाले. येथें एक वर्ण दुसऱ्यांत मिसळून गेला, आणि काकांच्या प्रश्नाची तेवढी अवग्रहासारखी खूण राहिली.

कुर्डुवाडीचेंहि तसेंच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज एंजिनियरानें बार्शी लाइट रेल्वे आंखली व १८९७ सालीं ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ सालीं तिची शाखा पंढरपुरास गेली. अडीच फुटांच्या रुळांवरूनहि भरपूर भार सुरक्षित नेतां येतो, हें त्यानें या मार्गावर दाखवून दिलें. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत हे रूळहि रुंद झाले. आजीची ती लहानशी वाट आतां उरली नाहीं. वारकऱ्यास त्याचें दुःख होण्याचें कारण नाहीं. आम्हांस होतें तें आठवणीचें.

येथवर वाचून एखाद्यास वाटेल कीं, रुळांचें माप एक झालें म्हणजे जंक्शनाचें महत्त्व ओसरतें. तसें सर्वत्र नाहीं. आमच्या शेजारचें अकोला पाहावें. १९६० च्या सुमारास खंडवा-अकोला-हिंगोली हा मीटरमापी मार्ग पुरा झाला आणि राजस्थानांतील जयपुरापासून हैदराबादेपर्यंत एकाच मापाची वाट जुळली. मीनाक्षी एक्स्प्रेस त्याच वाटेनें जात असे. परंतु अकोल्यास मुंबई-नागपूर मार्ग रुंद आणि हा मार्ग मीटरचा. दोघे एकमेकांस छेदीत, मिळत नसत. २००८ सालीं पूर्णा ते अकोला रूळ रुंद झाले, आणि नांदेड-हैदराबादेकडील गाड्या अकोल्याहून सरळ नागपुराच्या मुख्य मार्गावर येऊं लागल्या. माप एक झाल्यानें मनमाडचे हमाल गेले; माप एक झाल्यानेंच अकोला खरें जंक्शन झालें. उत्तरेकडचा अकोला-अकोट हा तुकडा २०२२ च्या नोव्हेंबरांत रुंद होऊन सुरू झाला. त्यापुढचा मार्ग मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पांतून न नेतां बाहेरून नेण्याचें ठरलें आहे. वाघासहि त्याचें घर आहे, हें आपण उशिरां कां होईना शिकलों.

याच्या उलट मूर्तिजापूर. तेथून अचलपुरास व यवतमाळास दोन अरुंदमापी फांटे गेले होते; कापूस वाहून आणण्याकरितां गेल्या शतकाच्या आरंभीं ते घातले गेले. लोकांनीं त्या गाडीस प्रेमानें शकुंतला म्हटलें. मालकी खासगी कंपनीची, गाडी चालविणारी सरकारी रेल्वे, आणि रूळ शेवटपर्यंत अडीच फुटांचे. सभोंवतालचें जग रुंद होत गेलें, हे फांटे मात्र होते तसेच राहिले; आणि गाड्या थांबून आतां कांहीं वर्षें लोटलीं. यावरून आम्ही एवढेंच शिकलों कीं, जंक्शनाची थोरवी तेथें किती रूळ येतात यावर नसून, आलेले रूळ पुढें कोठवर जातात यावर असते.

आतां आमच्या घरच्या गोष्टीकडे वळूं. मुख्य मार्गावर नांदुरा आणि शेगांव यांच्या मध्यें जलंब नांवाचें स्टेशन आहे. तेथून खामगांवास सुमारें आठ मैलांचा फांटा जातो. खामगांव ही त्या काळीं कापसाची मोठी पेठ होती. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तिकडचा कापूस बंद पडून वऱ्हाडच्या कापसास विलायतेंत सोन्याचें मोल आलेलें. तेव्हां हा फांटा घालण्यांत आला आणि १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं स्वतः येऊन तो उघडला. दीडशें वर्षें होऊन गेलीं. तो फांटा खामगांवास जाऊन थांबला तो थांबलाच. जलंबास जंक्शन म्हणतात, परंतु त्या फांट्यास पुढें गांव नाहीं. दुसऱ्या टोंकास जालन्याचे रूळ. मध्यें चिखली, देऊळगांव राजा आणि सुमारें एकशें साठ किलोमीटर भुई. दोन स्वर शेजारीं उभे आहेत आणि संधि होत नाहीं. तो हा आमचा प्रकृतिभाव.

खामगांव-जालना मार्गाची पहिली पाहणी १९१० च्या सुमारास झाल्याचें जुने लोक सांगत आले. आमच्या आजोबांनीं ती वार्ता तरुणपणीं ऐकली, वडिलांनीं प्रौढपणीं ऐकली, आणि आम्ही ती वर्तमानपत्रांत वाचीत म्हातारे झालों. मार्ग तेव्हां कां झाला नाहीं? आमच्या मतें त्याचें एक कारण रुळांच्या मापांतच होतें. खामगांवचे रूळ रुंद, जालन्याचे मीटरचे. मधला मार्ग कोणत्याहि मापाचा घातला तरी एका टोंकास पोतें पाठीवर घ्यावें लागलेंच असतें. शिवाय मध्यें राज्याची सीमा होती. वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे, आणि जालना १९४८ पर्यंत निजामाकडे. ज्या मार्गाचें एक टोंक एका धन्याचें व दुसरें दुसऱ्याचें, त्याची काळजी कोण वाहणार? आज मात्र तीं दोन्ही कारणें गेलीं. सीमा गेली आणि मापहि एक झालें. शंभर वर्षांत प्रथमच असें झालें आहे कीं, हा मार्ग घातला तर तो कोठेंहि न तुटतां वऱ्हाडास मराठवाड्याशीं सांधील.

परंतु रूळ पडत आहेत ते दुसऱ्या बाजूंस. २०२४ च्या ऑगस्टमध्यें जालना-जळगांव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजुरी दिली. अजिंठ्याच्या लेण्यांस जाणाऱ्यांची त्यानें मोठी सोय होईल. सप्टेंबरांत मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गास मंजुरी मिळाली. म्हणजे ज्या मनमाडचे हमाल गेले, तेथें पुन्हा नवा सांधा येणार. जालन्याहून मुंबईस २०२३ च्या डिसेंबरांत वंदे भारत गाडी निघाली. हें सर्व वाचून आमच्या गांवांत दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, जालन्यास एक मार्ग मिळाला, आतां दुसरा कशास मिळेल? कोणी म्हणतो, समृद्धि महामार्ग आमच्या जिल्ह्यांतून गेला, मोटारीनें नागपूर कांहीं तासांवर आलें, आतां आगगाडी हवीच कशाला?

पहिल्यास आमचें उत्तर असें कीं, जळगांवचा मार्ग खानदेश व गुजराथकडे तोंड करून उभा आहे; आमचा वऱ्हाडाकडे. शेगांवच्या गजानन महाराजांच्या दर्शनास मराठवाड्यांतून येणारा भाविक, अकोल्या-नागपुरास शिकणारा विद्यार्थी, चिखलीच्या बाजारांतील सोयाबीन व कापूस यांस जळगांवचा वळसा काय कामाचा? दुसऱ्यास उत्तर देतांना आम्हांस आजीची आठवण येते. ज्याच्या घरीं मोटार आहे त्याचा प्रश्न सुटला. परंतु आमच्या सारख्या एकत्र कुटुंबांत मोटार चालविणारा एक असतो आणि प्रवासास जाणारीं सात असतात; त्यांत दोन म्हातारीं, एक गर्भवती, एक तान्हें. त्यांस निजावयास फळी आणि चालावयास जागा लागते. तीं आगगाडीच देते.

आणि येथेंच आम्हांस जें सांगावयाचें तें येतें. आजी १९७१ नंतर आणखी दोनदां पंढरपुरास गेली. १९७८ च्या खेपेस वाटेंतल्या एका जंक्शनावर गाडी बदलण्याकरितां उंच पूल ओलांडावयाचा होता. चढतांना अर्ध्या जिन्यावर तिचा गुडघा धरला. काकांच्या एका हातांत ट्रंक, आमच्या खांद्यावर वळकटी; आजी कठड्यास धरून उभी. खालीं आमची गाडी दिसत होती. ती सुटतांनाहि दिसली. ती रात्र आम्हीं फलाटावर काढली. आजीनें कोणास बोल लावला नाहीं. तांब्यांतलें उरलेलें पाणी घोट घोट घेत ती पहांटेपर्यंत जागी होती. वारी घडली, परंतु ती शेवटची. पुढच्या वर्षीं काकांनीं विचारलें तेव्हां म्हणाली, “पांडुरंग हवा आहे रे, पण तो जिना नको.” पुढें पांच वर्षांनीं ती गेली. नदी ओलांडावयास पूल असतो असें आम्ही मुलांस शिकवीत आलों. आमच्या आजीच्या आड चंद्रभागा आली नाहीं, पूलच आला.

रुळांचीं मापें बदलण्यास नव्वद वर्षें लागलीं, आणि त्यावर देशाचा अमाप पैसा खर्च झाला. तो योग्यच झाला. परंतु गाडी बदलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याचें माप कोणी फारसें घेतलें नाहीं. आतां मोठ्या स्टेशनांवर उद्वाहक आणि सरकते जिने आले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. लहान जंक्शनांवर मात्र अजून दगडी पायऱ्याच पुष्कळ आहेत.

म्हणून चिखलीच्या व घाटावरच्या सर्व सुज्ञ कुटुंबांस आमची सूचना आहे. आपण आजवर ‘आम्हांस रेल्वे द्या’ एवढेंच मागत आलों. मागणें याहून नेमकें असावें. आमच्या गांवीं स्टेशन झालें तरी आमचा बहुतेक प्रवास जलंबास किंवा जालन्यास गाडी बदलूनच होणार. तेव्हां जलंबाचा सांधा असा असावा कीं, आमची गाडी अकोल्याकडेहि सरळ वळेल आणि भुसावळाकडेहि. दौंडास मनमाडकडून येणाऱ्या पुण्याच्या गाडीचें एंजिन तोडून मागच्या टोंकास लावावें लागे, आणि त्याकरितां वळणमार्ग पुष्कळ वर्षांनीं झाला. ती चूक आरंभींच टाळावी. जेथें गाडी बदलावयाची तेथें दोन्ही गाड्या होईल तेथवर एकाच फलाटाच्या दोन अंगांस लागाव्या. पूल असेल तर त्यास उतार असावा. एक गाडी येण्याच्या आधीं दुसरी सुटूं नये. आणि चिखलीचें स्टेशन गांवापासून इतकें दूर नसावें कीं, तेथें पोंचावयास पुन्हा मोटारच लागेल.

यांत मोठें असें कांहीं नाहीं. पण मार्ग आंखतांना जें सुटतें तें पुढें शंभर वर्षें सुटलेलेंच राहतें, हें आम्ही खामगांवच्या फांट्यावरून शिकलों आहों. आजीचा फिरकीचा तांब्या आमच्या माळ्यावर अजून आहे. तो घासून पुसून आमच्याच गांवच्या फलाटावर नेण्याचा दिवस आम्ही पाहूं कीं नाहीं हें ईश्वर जाणे. परंतु स्टेशनाचा आराखडा लोकांपुढें येईल तेव्हां घरांतील कर्त्या पुरुषांनीं तो प्रथम माजघरांत न्यावा, आणि वडीलधाऱ्या बायकांस विचारावें कीं, एवढ्या पायऱ्या तुम्हांस चढवतील काय?